आईला ड्यूटी आहे

"जन्म कुठला?"

ऑटोत बसल्या बसल्या भाऊजी ड्रायव्हरला पहिला प्रश्न हा विचारत. ड्रायव्हरला, मिठाईच्या दुकानातल्या माणसाला, गॅसचा सिलिंडर घेऊन जिना चढणाऱ्याला, एकदा तर वाहतूक पोलिसाला. अर्थात बांगलात, म्हणजे बंगालीत. समोरचा आधी बुचकळ्यात पडे. कागदपत्रांची काही नवी भानगड निघाली की काय, अशी शंका त्याच्या तोंडावर दिसे. मग तो चाचरत म्हणे, इथलाच, बेहाल्याचा. "बेहाल्यात कुठे?" त्यावर मोठ्या रस्त्यावरच्या त्या जुन्या प्रसूतिगृहाचं नाव निघालं, की भाऊजी सरसावून बसत आणि माझ्याकडे वळून मराठीत जाहीर करत, "वहिनी, हा आईच्या हातचा."

दुसरं कुठलं नाव निघालं, तर त्यांचा चेहरा उतरे. त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणत, "असू दे, असू दे. सगळ्यांचंच नशीब कसं असेल?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी आजोबांच्या पदव्या सांगतं, कुणी वडिलांच्या मोठमोठ्या ओळखी. पहिल्यांदा ऐकायला बरं वाटतं, तिसऱ्यांदा आपण घड्याळ बघतो. भाऊजींचं मी वीसेक वर्षं ऐकलं आणि घड्याळ बघितलं नाही, याचं माझं मलाच नवल वाटतं. कारण माझा स्वभाव तसा नाही. मी फटकळ आहे. आमचे हे म्हणतात, तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, लगामही नाही.

यांची बँकेतली बदली म्हणून आम्ही नाशिकहून इथे बंगालात आलो, तीन वर्षांसाठी. मग मुलीची शाळा, मग हा फ्लॅट, असं करता करता इथलेच झालो. सामान अजून खोक्यांत होतं, तेव्हा मी वरच्या मजल्यावर दाराची पितळी पाटी पाहिली. एका बाईचं मराठी नाव आणि खाली 'मेट्रन (निवृत्त)'. बाकी कुणाचं नाव नाही. परक्या गावात मराठी आडनाव दिसल्यावर मी राहते कसली, लगेच बेल दाबली. दार एका चाळिशीच्या गृहस्थानं उघडलं. चष्मा कपाळावर, हातात पिठाचा डबा.

ओळखपाळख झाली. मी विचारलं, "आपण काय करता?"

"आई मेट्रन होती," ते म्हणाले.

"ते पाटीवर वाचलं. तुम्ही?"

"मी होय? मी गार्डन रीचला, रेल्वेच्या ऑफिसात. कारकून." शर्टावरचं पीठ झटकावं तसं त्यांनी ते झटकून टाकलं आणि पुन्हा आईवर आले.

मला ते वहिनी म्हणायला लागले म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणू लागले. नातं एवढंच. आणि त्यांची आई म्हणजे माझ्या मावशी.

मावशींची हकिगत भाऊजी सांगत ती अशी. वडील ज्यूटच्या कंपनीत नोकरीला होते. भाऊजी रांगत असताना ते गेले. सांगलीहून भाऊ न्यायला आला, तर मावशींनी त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. "तिथे येऊन काय करू? भावजयांची भांडी घासू? भांडीच घासायची तर पगारावर घासते." प्रसूतिगृहात आया म्हणून लागल्या. फरशी पुसता पुसता शिकल्या, मग रीतसर नर्सिंगचा कोर्स केला, तोही बांगला आणि इंग्रजीतून, सिस्टर झाल्या, आणि शेवटी तिथल्याच मेट्रन. इथवर आलं की भाऊजी थांबत, एकदा सगळ्यांकडे बघत आणि म्हणत, "ज्या दारातून बादली घेऊन शिरली ना, त्या दाराजवळ तिची खुर्ची लागली." हे वाक्य येणार म्हटलं की आमचे हे ओठातल्या ओठात आधीच म्हणून घेत.

मावशी शेजारीच भाजी निवडत असायच्या. "झालं माझं पुराण? मग उठ आणि कुकर लाव."

आपलं लहानपणही भाऊजी आईची बढाई म्हणूनच सांगत. गळ्यात किल्ली. शाळेतून येऊन कुलूप उघडायचं, झाकून ठेवलेलं ताट काढायचं, जेवायचं, पुन्हा कुलूप लावून प्रसूतिगृहाच्या बाकावर जाऊन अभ्यास करायचा. आत आई, मध्ये दार. "दर थोड्या वेळानं आतून बाळ रडायचं. की मी समजायचो, झालं आईचं एक काम." ऐकणारे हसत. मला मात्र तो बाकावर पाय हलवत बसलेला मुलगा दिसे. दुसऱ्यांच्या बाळांची पाळी संपायची वाट बघत बसलेला.

लग्न झालं नाही. एकदा नागपूरला मुलगी बघायला गेले होते. मुलीनं विचारलं, तुम्हाला काय आवडतं? भाऊजींनी मावशींची पूर्ण नोकरी सांगितली, बादलीपासून खुर्चीपर्यंत. मुलीकडून निरोप आला की स्थळ चांगलं आहे, पण मुलीला नवरा हवाय. हे मला मावशींनीच सांगितलं. सांगताना पदर तोंडाला लावून हसल्या, मग भाऊजींच्या शर्टांच्या घड्या घालायला लागल्या.

त्यांचं मराठीही आईकडूनच आलेलं, दुसऱ्या कुणाचं कानावर पडलंच नव्हतं. त्यामुळे एवढा बाप्या माणूस, बस चुकली की म्हणायचा, "अगं बाई, गेली की!" आमच्या मुलीची हसून हसून मुरकुंडी वळे. त्यांना वाटे मराठीत असंच म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही. चांगलं वाटायचं ऐकायला.

पण भाऊजींची सगळ्यात लाडकी गोष्ट वेगळीच होती. ती ते फक्त मराठी माणसांत सांगत. बेहाल्यात आणि आसपास आमची दहाबारा मराठी घरं. त्यातली निम्मी भाऊजींच्या लहानपणापासूनची, बाकीची आमच्यासारखी बदलीवर आलेली. गणपतीला, कोजागिरीला जमायचं, मसालेभात करायचा, पोरं आपापसांत बांगला बोलायला लागली की त्यांना दटावायचं, हेच आमचं मंडळ. तिथे जेवणं आटोपली की भाऊजी सुरू करत.

"आमच्या आईनं अख्ख्या नोकरीत एकाही हळदीकुंकवाला हजेरी लावली नाही. संक्रांत म्हणू नका, चैत्र म्हणू नका. सगळ्या काकू जरीच्या साड्या नेसून निघायच्या, आणि आई पांढरी साडी नेसून लेबर रूममध्ये. मी विचारायचो, तू नाही जात? म्हणायची, ड्यूटी आहे. ड्यूटी म्हणजे ड्यूटी."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कौतुकानं हसले आणि सहज आजूबाजूला पाहिलं. जुन्या घरांतल्या तिघीचौघी म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक ताटातला भात चिवडायला लागली. दुसरीनं नातीची घातलेली वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

विधवा बाईला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नसे. आपल्याकडे हे कुणी शिकवत नाही. घरात चार बायका वावरत असल्या की त्यांच्या बोलण्यातून, न बोलण्यातून कळत जातं. भाऊजींना ना बहीण, ना आत्या, ना मावशी. वाढले बंगाल्यांच्या गल्लीत आणि प्रसूतिगृहाच्या बाकावर. त्यांना कळायचं कुठून? आई ड्यूटी म्हणाली, त्यांनी ड्यूटी ऐकलं. ज्या आमंत्रणांना आईनं नकार दिला म्हणून ते मिरवत होते, ती आमंत्रणं कधी आलीच नव्हती.

आणि याच बायकांच्या लेकीसुनांची बाळंतपणं मावशींनी केली होती. बारशाचे पेढे प्रसूतिगृहात पोचते व्हायचे, मावशींना घरी बोलवायला नको म्हणून. भाऊजी त्याचंही कौतुक करत, "आईला पेढे घरपोच नाही, ड्यूटीपोच!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मी यांना म्हटलं, "उद्या मी भाऊजींना सगळं सांगून टाकते."

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक आहे," हे म्हणाले, "पण आधी त्यांच्या आईला विचार."

म्हणून संक्रांत जवळ आल्यावर मी वर गेले. मला बघून मावशी भाऊजींना म्हणाल्या, "जा रे, कोथिंबीर घेऊन ये." कोथिंबीर समोर टोपलीत होती. भाऊजी पिशवी घेऊन निघाले.

"मावशी, यंदा हळदीकुंकू माझ्याकडे आहे. तुम्ही यायचंय. मी ते जुनं काही मानत नाही."

"तू मानत नाहीस हे तुझ्याकडे बघून कळतं. बैस." त्यांनी माझ्यापुढे लाडू ठेवला. "मी नाही येणार. कुणी कुंकू घेऊन माझ्यापाशी येताना अडखळली, नुसती अडखळली, तरी हा दारात उभा असेल मला न्यायला. त्याच्या ध्यानात येईल."

"येऊ दे की."

त्यांनी टोपलीतली कोथिंबीर निवडायला घेतली. मग म्हणाल्या, "दुसरीत-तिसरीत असेल. समोरून सगळ्या नटून निघालेल्या. मला म्हणाला, तू का नाही जात? तोंडाला आलं ते बोलले, ड्यूटी आहे. रजा होती त्या दिवशी. पण पोराशी खोटं बोलले, ते खरं करायला नको? साडी बदलली आणि गेले. पुढे दर संक्रांतीला मुद्दाम ड्यूटी मागून घ्यायला लागले. तेवढीच दुसऱ्या कुणा सिस्टरला सुट्टी."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं तर. न वाटायला काय झालं? ज्या पोरीला दिवसभर धीर दिलेला असायचा, तिच्याच घरचं हळदीकुंकू. रस्त्यानं जाताना हसून बोलायच्या हं सगळ्या. वाईट नव्हत्या. बोलवायच्या तेवढ्या नाहीत."

"मग सांगा ना त्यांना. आता किती वर्षं झाली."

"भांडेल तो. बापावर गेलाय. एकेकीच्या दारात जाऊन जाब विचारेल. आणि मग? माझ्यामागं त्याच्याशी मराठीत दोन शब्द बोलणारं कोण राहील? ह्याच ना? की तुझी बदली होणार नाही म्हणून लिहून देतेस?"

मी लाडू खाल्ला. माझ्यासारखी बाई निमूट लाडू खाते, यात काय ते समजा. भाऊजी कोथिंबीर घेऊन आले. मावशी त्यांना म्हणाल्या, "हिला सांगितलं, नाही जमायचं मला." भाऊजी माझ्याकडे बघून हसले. "बघा वहिनी. निवृत्त झाली तरी सवय जात नाही."

त्यानंतर ती गोष्ट त्यांनी किती वेळा सांगितली असेल. मी दर वेळी ऐकली आणि दर वेळी मान डोलावली.

मावशी दुर्गापूजेच्या आधी गेल्या. झोपेतच. रस्त्यावर मांडवांचे बांबू पडले होते, मेट्रोच्या खांबांखाली गाडी अडकत अडकत निघाली. एवढी माणसं येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. दुकानदार आले, शाळेच्या बाई आल्या, कुणाकुणाचे मोठमोठे मुलगे आले. बंगाली बायका हुंदके देऊन रडल्या. खांदा द्यायला आलेल्या दोघातिघांना भाऊजींनी हळूच विचारलंच, जन्म कुठला. आमच्या जुन्या घरांतल्या म्हाताऱ्याही आल्या. त्यातली एक मावशींच्या पायांशी बराच वेळ बसून राहिली.

भाऊजी तोवर निवृत्त झाले होते. वरचं घर एकदम शांत झालं. पूर्वी कुकरच्या शिट्ट्या, मावशींचं खोकणं, रेडिओ, सगळं खाली ऐकू यायचं. आता नुसती खुर्ची सरकल्याचा आवाज. संध्याकाळी ते काहीतरी निमित्त काढून खाली येत. वाटीभर साखर मागत आणि ती वाटी हातात घेऊन तासभर बसत.

"वहिनी, बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. मराठीत. दिवसभर नाही बोललो की जिभेला कसंतरी होतं."

मग मी बोलायची. महागाई, मुलीचं बेंगळूरूचं घर, यांचा गुडघा. ते भान हरपून ऐकत. मला माझ्या बडबडीचा आयुष्यात इतका उपयोग कधी झाला नव्हता.

डिसेंबरात एका रविवारी सगळी घरं आमच्याकडे जमली. संक्रांतीचं हळदीकुंकू कुणाकडे, हे ठरवायचं होतं. भाऊजी पोह्यांच्या बशा फिरवत होते. त्या वर्षी पुण्याहून एक नवी मुलगी बदलीवर आली होती. हुशार, मोकळी, मनानं चांगली. ती उत्साहानं म्हणाली, "मी एक सुचवू? यंदा सगळ्यांना बोलवू या. विधवा बायकांनाही. त्यांना वगळायचं ही किती वाईट प्रथा आहे ना? इथे अजून कुणी बदललीच नाही म्हणे."

भाऊजी एका म्हाताऱ्या काकूंना बशी देत होते. बशी त्यांच्या हातातच राहिली.

"म्हणजे," त्यांनी विचारलं, "आधी बोलवत नव्हते?"

त्या मुलीला काय कल्पना. "नाही ना काका. कुठेच नाही बोलवायचे."

भाऊजी एकेकीकडे बघत होते. शेवटी समोरच्या काकूच म्हणाल्या, "तेव्हाची पद्धत होती रे बाळा." साठी उलटलेल्या माणसाला त्या बाळा म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. भाऊजींनी बशी त्यांच्या हातात नीट दिली. उरलेल्या बशाही दिल्या. मग पाणी आणून ठेवलं आणि निघून गेले.

संध्याकाळी बेल वाजली. ते आत आले, पण बसले नाहीत.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आईनं सांगितलं?"

"हो, भाऊजी."

"तुम्हाला सांगितलं," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले, "तुम्हाला सांगितलं."

मी मावशींचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. खोटं कसं तोंडून गेलं, ते खरं कसं केलं, आणि तुमच्याशी मराठी बोलणारं कुणी राहणार नाही याची त्यांना कशी काळजी होती. लपवून आता कुणाचं काय राखायचं होतं?

"मी नसतो भांडलो," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "भांडलो असतो."

मी खुर्ची पुढे केली. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभेच राहिले.

"कॉलेजात असताना मी तिला सायकलवरून सोडायला जायचो. संक्रांतीलासुद्धा. वाटेत या सगळ्या काकू भेटायच्या, नटूनथटून, हातात वाणाच्या पिशव्या. तर मी सायकल हळू करायचो. मुद्दाम. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगायचो, काकू, आईला ड्यूटी आहे हं! आई मागं बसलेली असायची, माझा शर्ट धरून."

मला वाटलं ते रडतील. रडले असते तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं.

"एकदाही म्हणाली नाही, गप्प बस म्हणून. आम्ही दोघंच तर होतो हो घरात. मला तरी सांगायचं."

ते जिना चढून गेले, वर खुर्ची सरकली.

भांडायला ते कुणाच्या दारात गेले नाहीत. त्या संक्रांतीला हळदीकुंकू झालं, सगळ्यांना बोलावून झालं, छान झालं. दोघी विधवा आल्या, त्यातल्या एकीला कुंकू लावताना त्या पुण्याच्या मुलीचंच बोट अडखळलं. भाऊजी कुठेच नव्हते. मी तिळाच्या वड्या डब्यात भरून वर गेले. "तिळगूळ घ्या," एवढंच म्हटलं. पुढचं गोड बोलण्याचं तोंडातून निघेना.

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "एशोबेर की दोरकार छिलो, बौदी?" याची काय गरज होती, वहिनी?

मला वाटलं, कुणी बंगाली शेजारी मागे उभा आहे. वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

तेव्हापासून हे असंच आहे. अदबीनं बोलतात, यांच्या गुडघ्याची चौकशी करतात, बाजारातून काही आणू का विचारतात, सगळं बांगलात. मराठी घरांपैकी कुणीही भेटलं तरी तेच. राग दिसत नाही, आवाज चढत नाही. ते आईचं मराठी त्यांनी आत ठेवून दिलं आणि दार लावून घेतलं. मावशींना ज्याची भीती होती तेच झालं, फक्त आम्ही त्यांना सोडलं नाही, त्यांनी आम्हाला सोडलं. मला त्यांचा राग येत नाही. मला एकटं वाटतं, आणि ते म्हणायला मला लाज वाटत नाही. हे टीव्हीसमोर असतात, मुलगी लांब, आणि माझी बडबड ऐकायला भुकेला असलेला एकच माणूस या शहरात होता.

मी मराठीतच बोलते. हट्टानं. काल जिन्यात भेटले. हातात अर्धा पाव आणि केळी.

"भाऊजी, जेवलात का?"

ते थांबले. कठड्यावर हात ठेवला. शब्द त्यांच्या कानात गेला, आत उतरला, हे मी पाहिलं. ओठ हललेही. मी वाट बघत उभी राहिले.

"हॅं बौदी," ते म्हणाले, "खेयेछि." आणि वर गेले.